वकिलाची जबाबदारी

लेगेट म्हणजे पोपचा मुखत्यार वकील. त्याचें बोलणें तें प्रत्यक्ष धन्याचेंच समजलें जाई. म्हणून या पदास मान मोठा, तसा धोकाही मोठा. सन १०५४ मध्यें पोप नववे लिओ यांनीं कार्डिनल हुंबर्ट यांस सलोख्यासाठीं कॉन्स्टँटिनोपलास पाठविलें. एप्रिलांत पोप वारले. तरी १६ जुलै रोजीं हुंबर्ट यांनीं हागिया सोफियाच्या वेदीवर तेथील मुख्य धर्माध्यक्षांविरुद्ध बहिष्कारपत्र ठेविलें. उलट त्यांच्यावरही बहिष्कार पडला. हे बहिष्कार रद्द व्हावयास सन १९६५ उजाडलें! फुटीचीं कारणें जुनीं व अनेक होतीं, हें खरें. परंतु वकिलाच्या संतापानें ती रुंदावली. आमचें मत असें कीं, दुसऱ्याच्या नांवें बोलणारानें स्वतःचा राग दाराबाहेर ठेवावा. विद्यार्थ्यांनो, तुम्हीही आपल्या घराचे व शाळेचे वकीलच आहांत.