संगणकाच्या चौकटीत आपले शेत

मुंबईला तानसाचे पाणी १८९२ पासून जाते. पुढे वैतरणेचे गेले, भातसाचे गेले. धरणे शहापूर तालुक्याच्या अंगणात, आणि उन्हाळ्यात त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकरची वाट पाहायची. पाण्यामागोमाग आता जमिनीची पाळी आली आहे. फरक एवढाच की आजकाल जमीन हातची जाण्याआधी संगणकावर जाते.

कापूस-ज्वारीवाल्यांनी शहापूर-मुरबाडची काळजी कशाला करायची, असे कोणी म्हणेल. नागपूरहून निघणारा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग वर्धा, अमरावती, वाशीम, बुलढाणा, जालना ओलांडून शेवटी शहापूर तालुक्यातूनच आमण्याला उतरतो. इगतपुरी-आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. त्या टोकाला आज जे घडते, ते या टोकाला उद्या घडणार.

शहर कुठे आणि किती वाढेल, हे सांगणारी संगणकाची पद्धत समजायला अवघड नाही. उपग्रहाने काढलेल्या चित्रावर चौकटी धरतात. एक चौकट साधारण तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद, म्हणजे सुमारे नऊ गुंठे. प्रत्येक चौकटीवर शिक्का: इमारत, शेत, जंगल, पाणी किंवा पडीक. मग नियम घालतात. शेजारी बांधकाम असेल, रस्ता जवळ असेल, उतार कमी असेल, तर पुढच्या फेरीत ही चौकटही शहर होते. जुन्या चित्रांवर नियम पारखून घेतात आणि हिशेब पुढच्या सालांत नेतात. अमेरिकेतल्या डेट्रॉइटवर असा प्रयोग १९७० मध्ये झाला. पुण्यावरचा एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला, मुंबईवरचा २०१३ मध्ये. मुंबईच्या अभ्यासाने १९७३ ते २०१० चे बदल मोजून २०३० पर्यंतचे भाकीत केले.

या शास्त्राशी आमचे भांडण नाही. चौकटीत काय भरले आणि काय वगळले, हे मात्र आम्ही विचारणार.

पहिला प्रश्न शिक्क्याचा. पावसाळ्यात आभाळ ढगांनी भरलेले, म्हणून स्वच्छ चित्र मिळते ते पुढच्या महिन्यांतले. तेव्हा शहापूर-मुरबाडचे भात कापून झालेले, वरकस मोकळे. आपल्याकडे पऱ्हाटी उपटलेली, रानात ज्वारीची धसकटे. बागायत हिरवी दिसते, कोरडवाहू रान उघडे दिसते. एकाच तारखेच्या चित्रावर भिस्त ठेवली आणि बांधावर येऊन कोणी खात्री केली नाही, तर घर चालवणारे शेत 'पडीक' म्हणून नोंदले जाते. मग त्यावर इमारत चढवायला कोणाला काय वाटणार?

दुसरा प्रश्न फुलीचा. तलाव, अभयारण्य, राखीव वन यांवर 'येथे वाढ नाही' अशी फुली मारतात. ती मारलीच पाहिजे. तानसाला तलावही आहे आणि अभयारण्यही. पण तिथे अडलेली वाढ नाहीशी होत नाही, ती उरलेल्या चौकटींवर सरकते. त्या चौकटी म्हणजे खातेदाराची शेते. एका बाजूला कसाऱ्याची रेल्वे, दुसरीकडे नाशिकचा महामार्ग, त्यात आता समृद्धीची भर.

तिसरा प्रश्न सर्वांत मोठा. संगणक शिकतो तो मागच्या वीस-तीस वर्षांवरून. इतकी शेते शहरात गेली, तेव्हा पुढेही त्याच प्रमाणात जातील, असा त्याचा हिशेब. पण ती का गेली? उत्पादनखर्च भरून निघाला नाही, कर्ज फिटले नाही, म्हणून कित्येकांनी जमीन विकली. हे कारण सहसा कोणत्याच चौकटीत नसते. नाइलाजाने केलेल्या विक्रीला 'वाढीचा कल' असे नाव मिळते. अशा भाकितावर आराखडा रंगला, की रंग पाहून दलाल येतो, सातबारा फिरतो आणि भाकीत खरे ठरते. ज्योतिषाने मुहूर्त सांगावा आणि मंडपाचा ठेकाही त्यानेच घ्यावा, तसे हे झाले.

१९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याप्रमाणे आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध करून हरकती मागवाव्या लागतात. पण तोवर रंग भरून झालेला असतो. म्हणून आमची मागणी त्याआधीची आहे. आराखड्यासाठी असे भाकीत वापरले असेल, तर चित्रे कोणत्या तारखांची, शिक्के कोणते, नियम कोणते, हे मराठीत, गटनंबरासह ग्रामसभेपुढे ठेवा. आणि एकच भाकीत दाखवू नका. शेतमालाला खर्च भागून चार पैसे उरतील असा भाव मिळाला, तर किती शेते शेतेच राहतील, तोही हिशेब मांडा. संगणकाला तो करता येतो, फक्त सांगणारा पाहिजे. ज्याला जमीन विकायची आहे त्याने चांगल्या दामाने खुशाल विकावी. कोणी आधीच ठरवून ठेवले म्हणून विकावी लागू नये.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने आपला गावनकाशा आणावा. खरिपाचे आणि रब्बीचे कोरडवाहू गट वेगवेगळ्या रंगांनी रंगवावेत आणि सोबत गाव नमुना बाराचे पीकपाण्याचे उतारे जोडावेत. नोंद चुकीची असेल तर ती आधी तलाठ्याकडून दुरुस्त करून घ्यावी. उद्या कोणी तुमच्या रानाला पडीक म्हटले, तर त्याच्यापुढे ठेवायला कागद हाताशी असला पाहिजे.