यती कशाला येती?

हल्ली मध्यमवर्गीय कुटुंब नुसते सहलीला जाऊन आले, एवढ्याने भागत नाही. सहलीत काहीतरी 'घडावे' लागते. पूर्वी गाडी पंक्चर झाली, पोळ्यांचा डबा घरीच राहिला, धाकट्याला घाटात उलटी झाली, एवढे भांडवल महिनाभर पुरत असे. आता तेवढ्यावर शेजारी चहासुद्धा विचारत नाहीत. आता भंडारदऱ्याला जायचे, धरणाच्या काठी तंबूत झोपायचे आणि रात्री दोनच्या सुमारास तंबूबाहेर 'ते' यायला हवे.

आमच्या ओळखीच्या एका चौकोनी कुटुंबाकडे 'ते' आले. मे महिन्याच्या अखेरीस मंडळी काजवे बघायला गेली होती. रात्री बाहेर पावले वाजली. वहिनींनी तंबूची चेन चार बोटे उघडून पाहिले. पुढून उंच, मागे उतरते, पाठीवर हातभर केस ताठ उभे, अंगावर पट्टे, आणि संध्याकाळी टाकलेली कोंबडीची हाडे कडाकड फोडण्याचा आवाज! चिरंजीवांनी मोबाइलवर शोध लावला, "बाबा, बिगफूट!" सकाळी तंबूवाला चहा देताना सहज म्हणाला, "तरस आसंल साहेब. हाडकाच्या वासाला येतं."

त्याचे कोणी ऐकले नाही. अहो, कसे ऐकतील? तरस बघून आलो म्हटले तर सोसायटीत काय किंमत राहणार? बिगफूटची गोष्ट मात्र आता तिसऱ्या वर्षात आहे आणि दरवर्षी त्याची उंची फूटभर वाढते आहे. मुदत ठेवीवरसुद्धा इतके व्याज आम्ही देत नाही.

माझे भांडण वहिनींशी नाही. त्यांनी जे पाहिले ते चोख पाहिले. पट्टेवाला तरस भ्यायला की पाठीवरची आयाळ उभारतो आणि आहे त्याहून मोठा दिसतो. पुढचे पाय लांब, म्हणून पाठ उतरती. हाडे फोडणे हा तर त्याचा पिढीजात धंदा. वर्णनातला शब्दन्‌ शब्द तरसाचा आहे. फक्त खाते अमेरिकेच्या नावावर उघडले आहे. माझे भांडण त्या खात्याशी आहे.

आमच्या धंद्यात व्हाउचर नसेल तर एंट्री होत नाही. बिगफूटची व्हाउचरे तपासा. 1958 साली कॅलिफोर्नियात रस्त्याच्या कामावर सोळा इंची पावले उमटली आणि हे नाव जगभर झाले. 2002 साली तिथला कंत्राटदार रे वॉलेस वारला, तेव्हा घरच्यांनी कोरीव लाकडी पावले बाहेर काढली आणि ती गंमत बाबांचीच होती, असे सांगून टाकले. आपल्या बाजूचा हिममानव, म्हणजे यती. त्याचे म्हणून जपलेले केस, हाडे, कातडी असे नऊ नमुने शास्त्रज्ञांनी 2017 साली तपासले. आठ अस्वलांचे निघाले आणि नववा कुत्र्याचा! तरीही 2019 च्या एप्रिलमध्ये आपल्या लष्कराने मकालूजवळची बत्तीस इंची पावले यतीची म्हणून साऱ्या देशाला दाखवली. नेपाळी लष्कराचा अधिकारी म्हणाला, अस्वलाची आहेत. त्याचेही कोणी ऐकले नाही. म्हणजे आमच्या तंबूवाल्याला तसे दुःख करण्याचे कारण नाही.

यावर मंडळी म्हणतात, "अहो, थोडी गंमत! तुमचे काय जाते?" माझे काही जात नाही. पण 2001 च्या मे महिन्यात दिल्लीत 'मंकी मॅन'ची अशीच हवा उठली आणि घाबरून गच्चीवरून पडून माणसे मेली. माकड काही कोणाला सापडले नाही. शिवाय आपल्या आजीची भुते परवडली. मुंजाला पिंपळाचा पत्ता होता, चकव्याला ठरावीक माळ होता, आणि त्यांच्या धाकाने पोरे तिन्हीसांजेला घरी तरी येत. बिगफूटच्या धाकाने कोणी घरी येत नाही. उलट पुढच्या शनिवारी आणखी चार गाड्या भरून तिकडे जातात, आणखी हाडे टाकतात, काजव्यांच्या झाडांवर बॅटऱ्या मारतात.

आणि हे कुठे? अकोले तालुक्यात! 2013 साली विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा या भागावरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. जंगलात नव्हे, उसामक्याच्या शेतांत, चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसांच्या वस्तीत त्यांनी कॅमेरे लावले. शंभर चौरस किलोमीटरला सुमारे पाच मोठे बिबटे आणि तितकेच तरस निघाले. फोटो, तारीख, वेळ, सगळी व्हाउचरे जागच्या जागी. अख्ख्या अमेरिकेला जन्मभर शोधून एक बिगफूट मिळेना आणि आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे जुन्या नगर जिल्ह्यात, कांद्याच्या शेजारी ही श्रीमंती फिरते आहे! तिला 'ते' म्हणायचे?

'ते' म्हटले की जबाबदारी संपते, हा त्यातला खरा डाव आहे. तरस म्हटला की खरकटे उघड्यावर टाकू नये, हे ओघानेच आले. बिबट्या म्हटला की पोराला अंधारात एकटे सोडू नये, कुत्री-कोंबड्या बंदिस्त ठेवाव्यात, वन खात्याला कळवावे, हे आले. राक्षस म्हटला की दोनच गोष्टी करायच्या : फोटो काढायचा, नाहीतर काठ्या घेऊन धावायचे. काठ्यांखाली सापडतो तो बिचारा तरस. बिगफूटला आजवर कोणी काठी मारल्याचे ऐकिवात नाही.

आता ज्याच्या वाट्याला शेतीपंपाची रात्रीची वीज येते, त्याचा विचार करा. मध्यरात्री उठून तो उसाला पाणी द्यायला निघतो. त्याच उसात बिबट्याची मादी पिल्ले घालते. तोडणीच्या वेळी ती सापडतात. या जिल्ह्यात बिबट्याने माणसे मारली आहेत, लहान मुलेही मारली आहेत. त्या शेतकऱ्याची भीती तंबूभाड्याबरोबर मिळालेली नाही आणि रविवारी संध्याकाळी ती संपतही नाही. तो मागतो काय? दिवसाची वीज, वस्तीवर दिवा आणि वेळेवर येणारा वन खात्याचा माणूस. असल्या मागण्या साध्या, नाव-गाव असलेल्या जनावरासाठीच करता येतात. बिगफूटपासून संरक्षण द्या, असा अर्ज त्याने तहसीलदाराकडे केला, तर तहसीलदार त्याला चहा पाजून घरी पाठवतील.

तेव्हा सहलीला जरूर जा. तंबूत झोपा, काजवे बघा. बॅटरी मात्र खाली जमिनीकडे धरा. हाडे पिशवीत भरून घरी आणा. आणि रात्री बाहेर काही वाजलेच, तर सकाळी चहा आणणाऱ्याला त्याचे नाव विचारा. तो सांगेल ते नाव वहीत लिहून घ्या. मोबाइल चिरंजीवांच्या हाती त्यानंतर द्यावा.