आगालेगावर विमाने उतरू द्या, मुक्काम नको

किहीमच्या किनाऱ्यावरून खांदेरी-उंदेरी दिसतात. १६७९च्या पावसाळ्यात शिवाजी महाराजांनी खांदेरीवर तटबंदी सुरू केली आणि मुंबईकर इंग्रजांनी बेटाची नाकेबंदी केली. महाराजांच्या आरमारातील मायनाक भंडारींची माणसे तट चढवत राहिली. नागावच्या खाडीतून निघालेल्या हलक्या होड्या रात्री उथळ पाण्यातून रसद पोचवत. वारा पडला की इंग्रजांची जड गलबते जागीच अडकत. १६८०च्या जानेवारीत इंग्रजांनी नाद सोडला. खांदेरी टिकली, कारण समोरचा किनारा आपला होता.

आगालेगाच्या बाबतीत नेमके हेच नाही. मॉरिशसच्या या दूरच्या बेटांवर भारताने बांधलेल्या धावपट्टीचे आणि धक्क्याचे उद्घाटन २९ फेब्रुवारी २०२४ला झाले. हा लष्करी तळ नाही, असे दोन्ही सरकारे सांगतात, पण नौदलाची टेहळणी विमाने तिथे कायमची ठेवावीत, असा आग्रह आपल्याकडे धरला जातो. तो चुकीचा आहे. मालदीवमध्ये आपली दोन हेलिकॉप्टरे आणि एक डॉर्नियर विमान होते. रुग्ण हलवणे, समुद्रात शोध घेणे ही त्यांची कामे. तरीही गणवेशातले भारतीय तिथे राहतात, एवढ्यावर ‘इंडिया आउट’ची मोहीम पेटली, २०२३मध्ये मुइझ्झू राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले आणि १० मे २०२४पर्यंत आपल्या सैनिकांना परतावे लागले. त्यांच्या जागी बिगरलष्करी तंत्रज्ञ गेले आणि विमाने उडत राहिली. म्हणजे काम कोणाला खुपत नव्हते, मुक्काम खुपत होता.

चीनने २०१७मध्ये जिबूतीत तळ उघडला, मग आपणच का मागे राहायचे, हा आक्षेप हलका नाही. पश्चिम हिंद महासागरावर नजर हवीच. पण गोव्याच्या हंसा नौदल तळावरची पी-८आय टेहळणी विमाने मॉरिशसच्या विनंतीवरून आगालेगाला उतरली, इंधन घेतले, गस्त घालून परतली, तरी ती नजर बऱ्याच अंशी मिळते. चोवीस तास मिळणार नाही, हे खरे, आणि ती उणीव मी पत्करेन. कारण ब्रिटनने दिएगो गार्सियाच्या तळासाठी चागोसमधली माणसे हुसकली, आणि २०१९मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत चागोसवरील हक्काच्या प्रश्नावर आपण मॉरिशसच्या बाजूने मत दिले. त्याच मॉरिशसच्या दुसऱ्या बेटावर आपण ठाण मांडले, तर त्या मताला किंमत काय? धावपट्टीचा ताबा मॉरिशसचा, प्रत्येक उड्डाणाला त्यांची संमती, आणि या अटी दोन्ही संसदांपुढे उघड मांडलेल्या, एवढे आता लेखी ठरवावे.