निर्मनुष्य रमणीयता : प्रणयकादंबरी आणि वलाटीचा प्रश्न

मराठी समीक्षेने प्रणयकादंबरीचा प्रश्न ना. सी. फडके यांच्याबरोबरच निकालात काढला, अशी एक सोयीस्कर समजूत आपल्या विद्यापीठीय चर्चेत रूढ आहे. फडके तंत्रवादी; त्यांच्यानंतर फिरत्या ग्रंथालयांच्या आश्रयाने वाढलेली कादंबरी रंजनपर; आणि श्री. ना. पेंडसे, गो. नी. दांडेकर ह्यांची 'प्रादेशिक' कादंबरी मात्र मातीत रुजलेली, म्हणून वास्तव. ही विभागणी पदव्युत्तर वर्गात इतकी अंगवळणी पडली आहे की तिची तपासणी करावी असे सहसा कोणाला वाटत नाही. प्रस्तुत लेखकाला ती मान्य नाही. प्रणयकादंबरीचे एक मूलभूत कार्य असते : भूप्रदेश रिकामा करून देणे. आपल्या प्रादेशिक कादंबरीने हे कार्य फडक्यांपेक्षा अधिक कसोशीने पार पाडले, आणि समीक्षेने त्यालाच 'प्रादेशिकता' हे नाव दिले, असे येथे म्हणावयाचे आहे.

हे कार्य उघड्यावर पाहावयाचे असेल तर ऑस्ट्रेलियातील 'आउटबॅक'वर बेतलेल्या इंग्रजी प्रणयकादंबऱ्यांकडे वळावे. आउटबॅक म्हणजे त्या खंडाचा अंतर्भाग : विरळ वस्ती, तांबडी माती, शेकडो चौरस मैलांची गुरांची आणि मेंढ्यांची कुरणे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ह्या पार्श्वभूमीवरच्या कादंबऱ्यांचे मोठे पीक आले. 'ल्युसी वॉकर' ह्या टोपणनावाने लिहिणाऱ्या डोरोथी सँडर्स आणि मिल्स अँड बून ह्या प्रकाशनसंस्थेच्या लेखिका मार्गारेट वे ही त्यांतील ठळक नावे. आपल्याकडेही मुंबई-पुण्याच्या पदपथांवरून मिल्स अँड बूनची पुस्तके घरोघर गेली. सांगाडा बहुधा एकच. शहरातून एक स्त्री येते. कुरणाचा मालक अबोल, उन्हाने रापलेला, मनात जुने दुःख घेऊन वावरणारा असतो. दुष्काळ, वणवा किंवा पूर ह्यांपैकी एखादे संकट दोघांना जवळ आणते. आणि शेवटी ती तेथेच राहते. ह्या 'राहण्या'कडे नीट पाहिले पाहिजे. नायिका केवळ पुरुषाला वरीत नाही, जमिनीला वरते. विवाह हा येथे एक प्रकारचा सातबारा असतो.

तो कोणाच्या जमिनीचा, हा प्रश्न मात्र ह्या कादंबरीला पडत नाही. ही कुरणे ज्यांच्या भूमीवर उभी राहिली ते आदिवासी त्याच कुरणांवर गुराखी म्हणून आणि स्वयंपाकघरात मोलकरणी म्हणून राबत होते. उत्तर ऑस्ट्रेलियात वेव्ह हिल येथील गुरिंजी लोकांनी 1966 मध्ये व्हिन्सेंट लिंगियारी यांच्या नेतृत्वाखाली काम सोडले. लढा मजुरीचा दिसत होता, मागणी जमिनीची निघाली. वसाहत झाली तेव्हा ही भूमी कोणाचीच नव्हती, हे कायद्यातील गृहीतक 1992 च्या माबो निवाड्याने मोडले. प्रणयकादंबरीत मात्र ते अभंग राहिले. तिची सारी रमणीयता त्याच गृहीतकावर उभी आहे. दक्षिण आफ्रिकेतील गोऱ्यांच्या शेतमळ्याच्या कादंबरीविषयी जे. एम. कोट्झी यांनी 'व्हाइट रायटिंग' (1988) मध्ये हेच दाखवून दिले आहे. मळा सुंदर दिसावा म्हणून मळ्यात राबणारा काळा मजूर दृष्टीआड करावा लागतो. त्याला दाखवले तर मळ्याचे मालकीपण प्रश्नांकित होते, न दाखवले तर मळा आपोआप पिकतो.

आता कोकणाकडे येऊ. कोकणी माणूस आपल्या मुलखाचे दोन भाग करतो : समुद्रालगतची खलाटी आणि सह्याद्रीच्या पायथ्याची वलाटी. मराठी कादंबरीतील कोकण जवळजवळ संपूर्णपणे खलाटीचे आहे. माड-पोफळींच्या बागा, आगर, खाडी, ओटी, झोपाळा. महाड आणि पोलादपूर हे तालुके ह्या चित्रात बसत नाहीत. येथे डोंगरउतारावर नाचणी-वरी, खाली भाताच्या खाचरांच्या पट्ट्या, रानालगत कातकऱ्यांच्या वाड्या, वर धनगरवाडे, आणि घरटी एखादा तरी पुरुष मुंबईत. ह्या प्रदेशाचा सारा अर्थव्यवहार दीर्घकाळ मनिऑर्डरीवर चालला. गिरणगाव हे ह्या वलाटीचेच एक दूरचे शेत होते, असे म्हणता येईल. 1982 च्या संपानंतर ते शेत करपले आणि पुष्कळ माणसे गावी परतली. येथील प्रीतीचा कथाबंध आउटबॅकच्या नेमका उलटा आहे : बाई राहते, पुरुष जातो. गाव तिने धरून ठेवायचे, जमीन त्याच्या नावावर. ह्या विरहातून जात्यावरच्या ओव्या उभ्या राहिल्या; कादंबरी मात्र फारशी राहिली नाही. ह्याचे कारण मला वाटते असे की, ह्या कथाबंधात जमीन 'मिळण्याचा' क्षणच नाही. प्रणयकादंबरीला तो लागतो.

'शितू' पाहावी. दोनदा वैधव्य आलेली मुलगी खोताच्या घराच्या आश्रयाने वाढते. घरच्या विसूचे आणि तिचे मन जुळते. आणि ह्या जुळण्याला वाट नसल्यामुळे तिचा मृत्यू होतो. दांडेकरांची भाषा येथे अतिशय कोवळी, निर्मळ आहे, हे कोणीही मान्य करील. परंतु खोताचे घर हे ह्या कथेत केवळ वात्सल्याचे स्थान आहे. खोत म्हणजे सरकार आणि कूळ ह्यांच्यामध्ये बसून वसुली करणारा वतनदार, त्याच्या वहिवाटीत कुळाने फुकट राबावयाचे, ही वस्तुस्थिती वात्सल्यात विरघळून जाते. लक्षात घ्यावे की चरीच्या शेतकऱ्यांचा संप 1933 ते 1939 असा चालला होता. खोती नष्ट करण्याचे विधेयक डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी 1937 च्या सप्टेंबरात मुंबई विधिमंडळात मांडले होते आणि 1938 च्या जानेवारीत कोकणातले शेतकरी मुंबईत विधिमंडळावर चालून गेले होते. खोती कायद्याने गेली 1949 मध्ये. म्हणजे खोत कागदावरून जात होता त्याच सुमारास तो कादंबरीत प्रेमळ आजोबा होऊन परत येत होता. आउटबॅकच्या मालकाला निदान विणकाम करणाऱ्या समीक्षकांचे संरक्षण नव्हते!

पेंडसे ह्यांच्या बाबतीत प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे, कारण ते अधिक मोठे कादंबरीकार आहेत. 'तुंबाडचे खोत' (1987) मध्ये खोतीचा क्षय आहे, क्रौर्य आहे, लोभ आहे. काशेडीचा घाट उतरला की पोलादपूरची हद्द संपून खेड तालुका लागतो आणि ह्या कादंबरीची जगबुडी नदी तेथेच वाहते. म्हणजे वलाटीच्या उंबऱ्यापर्यंत पेंडसे आले होते. तरीही ती कथा खोतांच्या घराण्याची राहते. कुळे त्या घराण्याच्या वैभवाचे आणि पतनाचे साक्षीदार असतात. त्यांच्या बाजूने पाहिले तर ते पतन म्हणजे काय, हे विचारण्यास कथनाला सवड नसते. 'रथचक्र' (1962) ह्यास अपवाद म्हणावयाचा, कारण तिची नायिका मुलांच्या शिक्षणासाठी घरच सोडते आणि त्यामुळे कोकण हे राहण्याचे नव्हे, निघण्याचे ठिकाण ठरते. मात्र ह्या कादंबरीची प्रशंसा करताना आपण स्त्रीच्या जिद्दीविषयी बोलतो, भूप्रदेशाविषयी नाही.

चहाच्या दोन दुकानांची तुलना करून हा मुद्दा अधिक स्पष्ट होईल. एक 'गारंबीचा बापू' (1952) मधले राधेचे. गावाने नावे ठेवलेली बाई, तिच्या दुकानात येणारा बंडखोर बापू, आणि गावाच्या नीतिकल्पनांना दोघांनी दिलेला धक्का : मराठी प्रणयकथेतील हे एक अविस्मरणीय स्थळ. दुसरे दुकान कादंबरीत नाही. महाडच्या बाजारात आलेल्या अस्पृश्यांना प्यावयास पाणी मिळत नसे म्हणून तेथे त्यांच्यासाठी चहाचे दुकान निघाले, त्याची हकीकत रामचंद्र बाबाजी मोरे यांच्या आठवणींत येते. मोरे महाड तालुक्यातील दासगावचे. सावित्रीच्या काठचे हे बंदर, लष्करातून निवृत्त झालेल्या महार शिपायांची तेथे वस्ती. शिष्यवृत्ती मिळवलेल्या ह्या मुलाला महाडच्या इंग्रजी शाळेने प्रवेश नाकारला आणि वृत्तपत्रात पत्र छापून आल्यावरच तो दिला. पुढे 1927 च्या मार्चमध्ये महाडला जी परिषद भरली तिच्या उभारणीत ते होते. राधेच्या दुकानात कोण बसू शकत होते आणि कोण नाही, हा प्रश्न पेंडशांच्या समीक्षेत विचारला गेल्याचे माझ्या वाचनात नाही. मोऱ्यांच्या दुकानात दुसरा प्रश्नच नव्हता.

येथे कोणी म्हणेल की एक कादंबरी, दुसरे आत्मकथन. दोहोंची तुलना कशी? हाच तर माझा आक्षेप आहे. मोरे यांच्या आठवणी त्यांचे पुत्र सत्येंद्र मोरे यांच्या ग्रंथात 2003 मध्ये प्रसिद्ध झाल्या. त्याच वर्षी ऊर्मिला पवार यांचे 'आयदान' आले, ज्यात रत्नागिरीच्या बाजारपेठेकडे डोंगरवाटांनी ओझी घेऊन जाणाऱ्या बायका आहेत आणि आईच्या हातून विणली जाणारी बांबूची आयदाने आहेत. ही दोन्ही पुस्तके आपण 'दलित साहित्य' ह्या शीर्षकाखाली शिकवतो. पेंडसे-दांडेकर 'प्रादेशिक साहित्य' ह्या शीर्षकाखाली. प्रदेश एक, घाट त्याच, पाऊस तोच. पण प्रदेश ज्यांच्या नावे लावला गेला ते वेगळे आणि ज्यांना जात मिळाली ते वेगळे. अभ्यासपत्रिकांची ही वाटणी निरुपद्रवी नाही. कुरणाच्या नकाशावरून गुराखी पुसावा तसे हे आहे. दलित लेखकाला प्रदेश नसतो आणि प्रादेशिक लेखकाला जात नसते, असा जो समज विद्यार्थ्यांच्या मनात न बोलता रुजतो, त्याचे उत्पादन आपल्या विभागांत होते. गोपाळबाबा वलंगकर हे महाडजवळच्या रावढळचे. 'विटाळ विध्वंसन' लिहिणाऱ्या ह्या माणसाला 1895 मध्ये महाडच्या तालुका लोकल बोर्डावर नेमले तेव्हा सवर्ण सभासदांनी त्यांच्याशेजारी बसण्यास हरकत घेतली. कोकणाच्या वाङ्मयेतिहासात ह्यांचे स्थान कोणते? चळवळीच्या इतिहासात आहे, एवढेच उत्तर मिळते.

प्रणयकादंबरीच्या बाजूने एक गंभीर युक्तिवाद आहे आणि तो डावलणे बरे नव्हे. जॅनिस रॅडवे यांनी 'रीडिंग द रोमान्स' (1984) मध्ये अशा कादंबऱ्या वाचणाऱ्या स्त्रियांशी प्रत्यक्ष बोलून दाखविले की, वाचनाची वेळ ही त्यांच्या दिवसातील एकमेव स्वतःची वेळ असते. पुस्तकातील आशय कितीही पारंपरिक असला तरी वाचण्याची कृती पारंपरिक नसते. हे मला मान्य आहे. योगिनी जोगळेकर, कुमुदिनी रांगणेकर, स्नेहलता दसनूरकर ह्यांच्या वाचकवर्गाविषयी असे काम आपल्याकडे व्हावयास हवे. परंतु रॅडवे यांच्या आधारे आपल्या प्रादेशिक कादंबरीला सूट मिळत नाही. तिचा वाचक विरंगुळा मागत नव्हता. वास्तव वाचतो आहोत अशी त्याची खात्री करून देण्यात आली होती. रंजनपर कादंबरी आपण स्वप्न आहोत हे लपवीत नाही. ह्या बाबतीत ती अधिक प्रामाणिक ठरते.

वलाटीच्या वाट्याला दुसरी एक रमणीयता आली, ती गडाची. मराठी लेखक महाडला आला की वर पाहतो. रायगड महाड तालुक्यात; तानाजी मालुसरे यांचे उमरठ पोलादपूर तालुक्यात; 'शिवभारत'कार कवींद्र परमानंदांची समाधी पोलादपुरात. 'मोचनगड'पासून (1871) ऐतिहासिक कादंबरीने ह्या डोंगरांना जो रंग दिला तो प्रणयाचाच आहे. 'गड आला पण सिंह गेला' मध्ये हरिभाऊंनाही तानाजीच्या पराक्रमाला कमलकुमारीच्या संकटाची जोड द्यावी लागली. 1981 मध्ये कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले. नामांतर योग्यच होते, त्याविषयी वाद नाही. पण गडाखाली, गडाच्या त्याच तालुक्यात, एका तळ्याच्या पाण्याविषयी दहा वर्षे दिवाणी दावा चालला. तळे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव नगरपालिकेने 1924 मध्येच केला होता. 20 मार्च 1927 रोजी ते पाणी प्याले गेले. स्पृश्यांचा दावा असा की अस्पृश्यांना मज्जाव ही अनादी रूढी आहे. आणि मुंबई उच्च न्यायालयाने 1937 च्या मार्चमध्ये सांगितले की रूढीचे हे अनादित्व सिद्ध झालेले नाही. हा निवाडा साहित्याच्या विद्यार्थ्याने वाचावा असे मी आग्रहाने म्हणतो. 'पूर्वापार असेच आहे' हे वाक्य प्रादेशिक कादंबरीचा श्वास आहे. गावाचे, नदीचे, माणसांच्या स्वभावाचे वर्णन त्या वाक्याच्या आधारावर चालते. त्याच वाक्याला पुरावा मागितला गेला आणि तो देता आला नाही.

'जैत रे जैत' विषयीही थोडे सांगितले पाहिजे, कारण हीच कादंबरी प्रस्तुत मांडणीविरुद्ध पुढे केली जाईल. तेथे ठाकर केंद्रस्थानी आहेत, भूप्रदेश रिकामा नाही. खरे आहे. नाग्या आणि चिंधी ही मराठीतील अपूर्व जोडी आहे. पण कथेतील संघर्ष माणूस आणि मधमाश्या, माणूस आणि देव ह्यांच्यामधला आहे. रान कोणाच्या ताब्यात, मध कोण विकत घेतो, हे प्रश्न लिंगोबाच्या डोंगरापर्यंत पोहोचत नाहीत. माणसे भूप्रदेशात ठेवून त्यांचा व्यवहार काढून घेतला की तीही भूप्रदेशच होतात, झाडांसारखी. आउटबॅकच्या कादंबरीत वाटाड्या म्हणून येणारा आदिवासी असाच असतो : त्याला रानाचे सारे कळते, रान त्याचे नसते.

2005 च्या जुलैअखेरीच्या पावसात महाड तालुक्यात जुई, रोहन, कोंडिवते आणि दासगाव येथे डोंगर खचून घरांवर आले. 22 जुलै 2021 रोजी तळिये येथे तसेच घडले. ऐंशीहून अधिक माणसे गेली. माती कोठे मुरते, उतारावर कोण राहते, खालची सपाट जमीन कोणाच्या नावे आहे, ह्या प्रश्नांची उत्तरे ज्या गद्यात आहेत ते गद्य आपण प्रादेशिक म्हणून वाचत नाही. येत्या अभ्यासक्रम-पुनर्रचनेत 'तुंबाडचे खोत' आणि मोरे यांच्या आठवणी एकाच प्रश्नपत्रिकेत ठेवाव्यात, आणि विद्यार्थ्यांना प्रथम हे विचारावे की दोन्ही पुस्तकांत पाणी कोण भरते.