साहेब बाजूला ठेवा

वारशात आलेल्या प्रत्येक खिशातल्या घड्याळामागे खूश होऊन ते बक्षीस देणारा एक गोरा साहेब असतो. या आठवड्यात एका स्नेह्यांनी आणखी एक ऐकवला. साहेब बाजूला ठेवा, घड्याळजीकडून मागचं झाकण उघडून घ्या. आणि कृपा करून आधी ब्रासोने घासू नका, ठसे जातात. स्विस चांदीवर अस्वल असेल तर शुद्धता किमान ८७५, रानकोंबडा असेल तर ८००. ही जनावरं १८८२ पासूनची. वॉल्थम कंपनीचं घड्याळ निघालं तर वय कळायला यंत्रावरचा क्रमांक बघा, केसवरचा नव्हे. केस बदलता येते. तबकडीवर ‘जी.आय.पी.आर.’ (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे) दिसलं, तर घड्याळ १९५१ पूर्वीचं, कारण त्या वर्षी ती रेल्वे मध्य रेल्वेत गेली. मग मात्र ते बक्षीस नव्हे, कंपनीचा माल. आजोबांकडून निवृत्तीच्या दिवशी परत करायचा ‘राहून गेलेला’.