विमानाचा तास आणि व्यापाऱ्याचा दिवस

९ जून २०२५ रोजी सोलापूर-गोवा विमान सुरू झाले, तेव्हा बाजारात एकच बोलणे होते : "आता गोवा एका तासावर आला." ही गोष्ट आनंदाची खरी, पण व्यापाऱ्याने आनंदाबरोबर हिशेबही मांडला पाहिजे.

सोलापूर ते मोपा हे सरळ हवाई अंतर सुमारे ३०० किलोमीटर आहे. तोच रस्ता सांगली-कोल्हापूरकडून घाट उतरून गेल्यास ४०० किलोमीटरच्या आसपास भरतो आणि आठ-नऊ तास खातो. पंख्याचे छोटे एटीआर विमान ताशी सुमारे ५०० किलोमीटर वेगाने उडते. चढण्या-उतरण्याचा वेळ धरून तासाभरात ते पोहोचते.

पण आपला माणूस धावपट्टीवर राहत नाही. घरून होटगी रोडच्या विमानतळापर्यंत अर्धा तास, तिथे दीड तास आधी हजेरी, एक तास उड्डाण, सामान घेऊन बाहेर पडायला अर्धा तास आणि मोपाहून पणजीपर्यंत आणखी एक तास. बेरीज साडेचार तास झाली. म्हणजे रस्त्याच्या निम्मा वेळ वाचला. ही बचतही लहान नाही.

मात्र ही बचत हातात राहते की नाही, ते वेळापत्रकावर ठरते. गोव्याची हॉटेले आपल्या टॉवेल-चादरीचे गिऱ्हाईक. त्यांचा खरेदी पाहणारा माणूस दिवसा भेटतो. विमान संध्याकाळी पोहोचले तर मुक्काम पडला, लॉजचे भाडे आले आणि दुसरा दिवसही गेला. त्यापेक्षा रात्रीच्या गाडीने झोपून गेलेला माणूस सकाळी दहा वाजता गिऱ्हाइकाच्या दारात उभा असतो!

मालाचेही तसेच. अर्धा किलोचा एक आंघोळीचा टॉवेल धरला, तर १५ किलोच्या सामानात ३० नगच बसतात. विमानाने नमुने जातील. गाठी ट्रकनेच जाणार. म्हणून विमानाचे काम सौदा ठरवणे आणि वसुली करणे एवढेच समजावे.

आणखी एक बाब. नजरेच्या भरवशावर विमान उतरवायचे, तर दृश्यमानता पाच किलोमीटर लागते. धुके किंवा जोराचा पाऊस आला की फेरी अडते. अशा ठिकाणी यंत्राच्या मदतीने उतरण्याची आणि रात्रीच्या दिव्यांची सोय हवी. त्याशिवाय भरवसा येत नाही, आणि भरवशावाचून व्यापार होत नाही.

उडान योजनेचा अनुभव डोळ्यांसमोर ठेवावा. महालेखापालांच्या २०२३ च्या अहवालाप्रमाणे ७७४ मार्ग मंजूर झाले, त्यांतले ३७१ सुरू झाले आणि तीन वर्षांची सवलतीची मुदत संपल्यावर फक्त ५४ टिकले. सरकारी मदतीवर मार्ग सुरू होतो. तो टिकतो भरलेल्या खुर्च्यांवर.

तेव्हा व्यापारी बांधवांनी सत्काराचे हार बाजूला ठेवून एकत्र बसावे. महिन्याला आपली किती माणसे कुठे जातात, याची यादी करावी आणि विमान कंपनीपुढे ठेवून एकच मागणी करावी : सकाळी जाणे, संध्याकाळी परतणे. कारागिराचा माग एक दिवस बंद राहिला तर त्याची मजुरी बुडते. आपल्याही दिवसाला तेवढीच किंमत आहे.