चटक्यांच्या चरणाला यमक का नाही?

यमक जुळले की कविता झाली, असे कोणी मानत असेल तर ते चूकच. पण हल्ली उलट समज अधिक बळावला आहे. यमक, छंद, पुनरुक्ती हे म्हणे वरचे दागिने. उतरवून ठेवले तरी आशयाचे काही बिघडत नाही. आखूड चरणांची यमकबद्ध कविता तर बाळबोध म्हणूनच बाजूला सारली जाते. बहिणाबाई चौधरींची 'अरे संसार संसार' ही कविता कान देऊन ऐकली, तर हा समज टिकत नाही.

पहिल्या कडव्यात चार चरण, प्रत्येकात आठ अक्षरे. पहिल्या चरणातली सहा अक्षरे एकच शब्द दोनदा उच्चारण्यात जातात, उरलेली दोन हाकेत. एवढ्याशा जागेत ही उधळपट्टी नव्हे काय? नव्हे. पहिल्या उच्चाराने विषय कळतो, दुसऱ्याने त्याचे ओझे. पुढे कडव्यामागून कडवे त्याच हाकेने सुरू होते, जात्याचा खुंटा फिरून पुन्हा हाताशी यावा तसे.

यमकाचे काम याहून सूक्ष्म आहे. पहिला, दुसरा आणि चौथा चरण 'र'वर टेकतो. तिसरा तेवढा सुटा राहतो, आणि हाताला बसणारे चटके नेमके त्याच चरणात आहेत. भाकरी चौथ्या चरणात मिळते, तेव्हाच कानाला हवे असलेले यमकही मिळते. 'कष्टाशिवाय सुख नाही' हे गद्य विधान खरेच आहे, पण त्यात ही वाट पाहणे नाही.

बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते, मग एवढा विचार त्यांनी केला असेल का, अशी शंका निघते. ती अस्थानी आहे. त्यांची गाणी जवळच्यांनी उतरवून घेतली आणि पुस्तक निघाले ते त्यांच्या निधनानंतर, १९५२ मध्ये. कागद नसताना कविता टिकते ती छंद, यमक आणि आवर्तन यांच्याच आधाराने. शिवाय यमक कुठे सोडावे हेही मराठी कानाला जुनेच माहीत आहे. मोठ्या अभंगाचे चरण ६-६-६-४ अक्षरांचे. दुसरा-तिसरा यमकात बांधलेला, चौथा आखूड आणि मोकळा. पुष्कळदा वाक्य पुरे होते ते त्या चार अक्षरांत.

यात मुक्तछंदाला विरोध नाही. कवी अनिलांनी तो जाणतेपणाने रुजवला. चूक 'वृत्त ओळखा' म्हणून अक्षरे मोजून थांबणाऱ्या अध्यापनाचीही आहे. मोजल्यावर विचारायचे ते हे: इथे जुळले का, तिथे सुटले का?

याच कवितेचे पुढचे कडवे घ्यावे. तिथे यमक चरणाच्या टोकाला राहतच नाही. 'खोटा' आणि 'लोटा' हे जुळणारे शब्द दुसऱ्या व चौथ्या चरणाच्या आरंभी येतात, आणि त्यांच्यामागून 'कधी म्हणू नये' अशा अर्थाचे तेच शब्द दोन्ही वेळा जसेच्या तसे. पहिल्या कडव्यात चटके सोसून भाकरीपर्यंत पोचलेली बाई इथे ठासून बजावते आहे, एकदा नव्हे, दोनदा.